सॉमरसेट मॉम : बोलताना अडखळणारा नाटककार

विंगेतला (धागाकर्ता)

परवा घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ती नेहमीची गोष्ट आली. मायक्रोसॉफ्टमध्ये झाडू मारायच्या नोकरीला गेलेला माणूस, ईमेल आयडी नाही म्हणून हाकललेला, मग टोमॅटो विकून करोडपती झालेला. तुमच्याकडे ईमेल असता तर आज काय असतात, तर म्हणे झाडूवाला. काकांनी खाली 'बोधकथा' लिहून हात जोडले. मी तिथे लिहिलं की ही मूळ गोष्ट सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाची आहे, 'द व्हर्जर', त्यात टोमॅटो नाही तर सिगारेटचं दुकान आहे आणि ईमेलच्या जागी लिहिता-वाचता येण्याचा मुद्दा आहे. लंडनच्या एका चर्चमधला सेवेकरी, नव्या पाद्रीबुवांना कळतं याला अक्षरओळख नाही, झालं, काढून टाकतात. तो उदास होऊन सिगारेट शोधत चालत सुटतो तर त्या अख्ख्या लांबलचक रस्त्यावर एकही दुकान सापडत नाही. तिथेच डोक्यात प्रकाश. कोणी ढुंकून बघितलं नाही, उलट गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल आलं. म्हणून इथे आलो.

आपल्याकडे मॉम म्हटलं की शाळा-कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकातला 'द लंचन' आठवतो, फार तर 'ऑफ ह्यूमन बाँडेज'चा जाड ठोकळा. पण हा माणूस आधी नाटककार म्हणून श्रीमंत झाला, हे आपण विसरूनच गेलोय. आणि गंमत म्हणजे हा जन्मभर तोतरा होता. म्हणजे अगदी शब्द अडकून चेहरा लाल होण्याइतका. असा माणूस दुसऱ्यांच्या तोंडी इतके खटकेबाज संवाद घालतो हेच मला कायम चकित करत आलंय.

थोडक्यात सांगतो. जन्म २५ जानेवारी १८७४, पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीत. वडील तिथे कायद्याचं काम बघायचे. लहानपणीची भाषा फ्रेंच. आठवा वाढदिवस झाला आणि आठवड्याभरात आई क्षयाने गेली, दोन वर्षांनी वडील कॅन्सरने. पोराची रवानगी इंग्लंडात व्हिटस्टेबलला, पाद्री काकांकडे. काका-काकूंना मूल नाही, घरात शिस्त, याचं इंग्रजी मोडकंतोडकं, आणि मग कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये तोतरेपणावरून जी काय टिंगल झाली ती वेगळीच. 'ऑफ ह्यूमन बाँडेज'मध्ये त्याने हे सगळं नायकाच्या, फिलिपच्या वाकड्या पायावर ढकललंय. त्यात एक जागा आहे, आई गेल्यावर ते पोर तिच्या खोलीत जातं, कपाट उघडतं, मावतील तेवढे तिचे झगे कवेत घेतं आणि त्यात तोंड खुपसतं, कारण त्यांना अजून तिचा वास येत असतो. मी हे लोकलमध्ये वाचत होतो, दादर सोडून माटुंग्याला उतरलो.

नाटकांवर सविस्तर लिहितो, आधी चहा.

शेवटचा_बाक

वाचतोय. एक शंका, उच्चार नक्की मॉम का? आमच्या सरांनी वर्षभर 'मौघम' शिकवलं आणि आम्ही वह्यांवर तेच लिहिलं.

विंगेतला

मॉमच. जी-एच गप्प. सर एकटे नव्हते, मीही बरीच वर्षं मौघम म्हणत होतो.

डॉ_पोळीभाजी

आमच्या जमातीतला लेखक म्हणून दोन पैसे माझेही. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं शिकला, १८९७ साली डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी पहिली कादंबरी आली, 'लायझा ऑफ लँबेथ'. लँबेथ म्हणजे तेव्हाची नदीपल्याडची गरीब वस्ती. तिथे विद्यार्थी असताना तीन आठवड्यांत ६३ बाळंतपणं केली असं त्यानेच लिहून ठेवलंय. एका खोलीत आठ-दहा माणसं, रात्री-अपरात्री अंधाऱ्या गल्लीतून बोलावणं, पोलिससुद्धा जायला कचरायचे अशा जागी काळी बॅग बघून लोक वाट द्यायचे. ज्याने ओबीजीवायएनची, म्हणजे बाळंतपण-स्त्रीरोग विभागातली पोस्टिंग केलीय त्याला हे वाचताना वास येईल वास. कादंबरी बऱ्यापैकी खपली आणि पठ्ठ्याने डॉक्टरकी सोडली ती कायमची. आमच्या घरी असं केलं असतं तर आईने... असो.

त्याची नजर मात्र शेवटपर्यंत डॉक्टरचीच राहिली असं माझं मत. रडत नाही, उपदेश करत नाही, लक्षणं लिहितो.

विंगेतला

@डॉ, अगदी. आणि हीच नजर स्टेजवर गेली की काय होतं ते बघा.

कादंबरीनंतर दहा वर्षं तशी ओढाताणीचीच. पुस्तकं येत होती पण पहिल्यासारखं काही जमेना. एकीकडे नाटकं लिहून थिएटरांच्या दारात. 'लेडी फ्रेडरिक' हे नाटक तर एकामागून एक मॅनेजरने परत केलं, आणि कारण काय तर त्यातला एक प्रवेश. लेडी फ्रेडरिक ही कर्जात बुडालेली, वय झुकू लागलेली पण देखणी बाई. एक कोवळा श्रीमंत पोरगा तिच्यावर लट्टू. तिला त्याचं नुकसान करायचं नाहीये. तर ती त्याला सकाळी आपल्या ड्रेसिंग रूममध्ये बोलावते, पडदे उघडून लख्ख उजेडात, केस विस्कटलेले, चेहऱ्याला काहीही न लावलेली अशी त्याच्यासमोर येते, आणि मग त्याच्या देखत एकेक करून रंग, पावडर, खोटे केस चढवत जाते. पोरगा बघत राहतो. प्रेम उतरलेलं असतं.

आता सांगा, कुठली मोठी नटी हे करायला तयार होईल? तेव्हाच्या नट्यांनी साफ नाही म्हटलं. मी हौशी रंगभूमीवर बारा वर्षं मेकअपचं सामान सांभाळलंय, बिनमेकअपचं कोणी विंगेत डोकावलं तरी किंचाळणाऱ्या बायका आणि बुवे दोन्ही पाहिलेत. शेवटी १९०७ च्या ऑक्टोबरात रॉयल कोर्ट थिएटरचं एक नाटक आपटलं, पुढचं तयार नव्हतं, मधले काही आठवडे भरायला काहीतरी हवं म्हणून हे काढलं. एथेल आयर्विंगने तो प्रवेश केला. आणि ते स्टेपनी म्हणून लावलेलं नाटक चारशेच्या वर प्रयोग चाललं!

पुढच्या वर्षी, १९०८ साली, लंडनमध्ये एकाच वेळी त्याची चार नाटकं चालू होती. 'पंच' साप्ताहिकात व्यंगचित्र आलं, मॉमच्या नाटकांच्या पोस्टरसमोर शेक्सपियर नखं खात उभा. वय फक्त ३४.

ताकातली_पळी

तो प्रवेश वाचून काटा आला. पण मला एक खटकतं. बाई म्हटलं की मेकअप उतरवायचा, म्हातारपण दाखवायचं, हे पुरुषी नाही का थोडं? मॉमच्या बायका एकतर मूर्ख नाहीतर पुरुषाला पिळणाऱ्या. 'बाँडेज'मधली मिल्ड्रेड घ्या. मी ती कादंबरी दोनदा अर्धी सोडलीये फक्त तिच्यामुळे.

विंगेतला

मिल्ड्रेडबद्दल भांडणार नाही. पण त्याचं १९२६ चं 'द कॉन्स्टंट वाइफ' वाचा. नवऱ्याचं बायकोच्या जिवलग मैत्रिणीशी लफडं आहे, बायकोला आधीपासून ठाऊक आहे आणि ती थयथयाट करत नाही. ती म्हणते, मी तुझ्या पैशावर जगतेय तोवर मला बोलायचा हक्क काय? मग घरं सजवायच्या धंद्यात शिरते, वर्षभर काम करते, स्वतःच्या राहण्या-जेवण्याचे हजार पाउंड नवऱ्याच्या खात्यात भरते आणि शांतपणे सांगते की आता मी सहा आठवडे दुसऱ्या एका गृहस्थाबरोबर फिरायला चालले. दार आपटत नाही. परतही येणार आहे. १९२६, बरं का.

ताकातली_पळी

हजार पाउंड भरून जाते 😂 हे वाचणार. पण हा धंदा त्याच्या स्वतःच्या बायकोचाच ना? सिरी मॉम, सगळं पांढरं असलेल्या दिवाणखान्यांसाठी प्रसिद्ध होती.

विंगेतला

हो, तीच. नाटकात तिची बाजू इतकी छान मांडली आणि घरात तिच्याशी कधी धड वागला नाही. १९१७ साली लग्न, त्याआधीच मुलगी झालेली, १९२९ ला घटस्फोट.

डॉ_पोळीभाजी

सिरी म्हणजे त्या औषधवाल्या हेन्री वेलकमची आधीची बायको. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत वेलकमच्या नावाचे जुने कॅटलॉग होते.

निवांत_रविवार

लग्नाचं बोलताच आहात तर आडपडदा कशाला. तो समलैंगिक होता. आयुष्यातला खरा जोडीदार जेराल्ड हॅक्स्टन, पहिल्या महायुद्धात अँब्युलन्सच्या तुकडीत भेटलेला. ऑस्कर वाइल्ड या लेखकाला याच कारणावरून १८९५ ला तुरुंगात टाकलं तेव्हा मॉम २१ वर्षांचा होता, म्हणजे ज्या वयात माणूस घाबरायचं शिकतो त्याच वयात त्याने ते पाहिलं. इंग्लंडात कायदा बदलला १९६७ ला, हा गेला १९६५ ला. दोन वर्षांनी हुकलं. आपल्याकडे कलम ३७७ चा निकाल लागायला २०१८ उजाडलं, तेव्हा त्यांना हसायचं काम नाही.

त्याच्या लिखाणात तो सगळ्यांकडे जरा लांब खुर्ची टाकून बघत बसलेला असतो, ते मला यामुळेही वाटतं. ज्याला स्वतःचं काही उघड बोलायची सोय नाही तो दुसऱ्याचं ऐकतो.

विंगेतला

@निवांत, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही दोन ओळीत म्हणालात. तोतरेपण आणि हे, दोन्हीमुळे तो कान झाला.

आणि हॅक्स्टनचा यात मोठा वाटा. हॅक्स्टन बोलका, पिणारा, पत्ते खेळणारा. दक्षिण समुद्रातली बेटं, मलाया, बोर्नियो असे दोघं हिंडायचे, हॅक्स्टन बोटीवरच्या बारमध्ये जाऊन चार अनोळखी लोकांशी दोस्ती करायचा, त्यांना बोलतं करायचा, आणि मॉम कोपऱ्यात बसून ऐकायचा. 'रेन' ही गोष्ट अशीच, १९१६ च्या बोटीवरच्या सहप्रवाशांवरून. सामोआ बेटांतल्या पागो पागोला पावसात अडकलेली माणसं, एक पाद्री, एक धंदेवाली. बाईचं आडनावसुद्धा बदललं नाही म्हणतात, थॉम्पसन ते थॉम्पसनच.

शेवटचा_बाक

बापरे. म्हणजे या माणसाशेजारी बोटीत बसायची सोय नाही.

ताकातली_पळी

बोटीत काय, जेवायलाही नाही. ह्यू वॉलपोलचा किस्सा सांगा कोणीतरी.

निवांत_रविवार

मी सांगतो, माझा आवडता आहे. १९३० साली त्याची 'केक्स अँड एल' ही कादंबरी आली. त्यात आल्रॉय किअर नावाचा एक लेखक आहे, प्रतिभा बेताची, पण समीक्षकांना जेवायला घालणं, कोण वर चाललंय कोण खाली हे बघून पत्रं लिहिणं, यात पक्का. ह्यू वॉलपोल तेव्हाचा नावाजलेला कादंबरीकार आणि मॉमचा मित्र. एका रात्री नाटक बघून घरी आला, झोपायच्या तयारीत कपडे बदलायला लागला, हाताशी ते पुस्तक होतं म्हणून सहज उघडलं आणि अर्धवट कपड्यांत पलंगाच्या काठावर तसाच बसून वाचत राहिला. स्वतःलाच वाचत होता! मॉमने त्याला साळसूदपणे कळवलं की छे छे, तो तू नाहीस, त्यात आपण सगळेच थोडेथोडे आहोत. वॉलपोल १९४१ ला वारला आणि त्यानंतर काही वर्षांनी मॉमने प्रस्तावनेत मान्य केलं की हो, तोच डोळ्यासमोर होता.

ताकातली_पळी

हेच ते. मला हा माणूस आवडत नाही, लेखक आवडतो. मलायातल्या कथांमध्येही साहेब लोकांचे क्लब, त्यांच्या बायका, त्यांची लफडी, सगळं बारकाईने आणि तिथला मूळ माणूस फक्त ट्रे घेऊन येतो आणि जातो. 'द लेटर' मध्ये तर खरा क्वालालंपूरचा १९११ चा खटला उचललाय, गोऱ्या बाईने घरी आलेल्या माणसाला गोळ्या घातल्या तो. नाटक म्हणून जबरदस्त आहे, पहिल्या मिनिटाला गोळ्यांचा आवाज. पण त्यातली चिनी बाई? एक शब्द धड नाही तिला.

विंगेतला

हे मान्य, पूर्ण मान्य. एवढंच म्हणेन की त्या क्लबातल्या साहेबांनाही तो आवडला नव्हता, आमच्या घरी जेवला आणि आमची अब्रू वेशीवर टांगली म्हणून ओरड होती.

मुक्काम_लीड्स

उशिरा आलो, इथे वेळेचा फरक. त्याच्या हेरगिरीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी जिनिव्हात बसला, वरवर लेखक म्हणून नाटक लिहितोय असं दाखवत आणि खरंच लिहीत. १९१७ ला थेट रशियात धाडला, बोल्शेविक येऊ नयेत, रशिया युद्धात टिकावा म्हणून. तेव्हाच्या रशियन सरकारचा प्रमुख केरेन्स्की, त्याने ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जसाठी तातडीचा निरोप दिला. हा लंडनला परतला, पण तोंडी सांगताना अडखळेन या धास्तीने सगळं कागदावर लिहून नेलं आणि पंतप्रधानांच्या हातात कागद दिला. त्यांनी वाचून सांगितलं, हे जमणार नाही. तोवर तिकडे रशियात उलथापालथ होऊनही गेली होती. यातून 'अशेंडन' हे हेरकथांचं पुस्तक आलं १९२८ ला. त्यातला हेर पिस्तूल-बिस्तूल काढत नाही, बहुतेक वेळ हॉटेलात कंटाळत बसतो.

डॉ_पोळीभाजी

आणि त्याच सुमारास त्याला स्वतःलाही क्षय निघाला, स्कॉटलंडमध्ये सॅनेटोरियममध्ये राहिला. आई ज्याने गेली तोच. बरा झाला आणि ९१ वर्षं जगला. क्षयाच्या पेशंटला मी हे उदाहरण देतो, नाव विचारलं तर सांगतो, कोणाला ओळखीचं वाटत नाही.

पणजीचो_पाव

नमस्कार मंडळी. भारताचा भाग राहिलाच की. १९३८ च्या सुरुवातीला तो भारतात हिंडला आणि आमच्या गोव्यातही येऊन गेला, तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. त्याच्या 'अ रायटर्स नोटबुक'मध्ये टिपण आहे. माडांच्या राईतून गाडी जाते, मधेमधे पडक्या घरांचे अवशेष, पाण्यावर शिडाच्या होड्या, मोठमोठ्या पांढऱ्या इगर्जी, म्हणजे चर्च. एका गोंयकार पाद्रीशी गप्पा झाल्या, ज्याचे पूर्वज ब्राह्मण होते आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या काळात बाटले. तो पाद्री त्याला सांगतो की आम्ही ख्रिश्चन खरे, पण त्याआधी हिंदू. माझी आजी हेच वाक्य कोकणीत म्हणायची, लग्न जमवताना जात विचारून झाली की. म्हणून ते पान माझ्या लक्षात राहिलं. दोन-तीन दिवसांच्या पाहुण्याला हे कळलं, म्हणजे कान तयारच म्हणायचे.

निवांत_रविवार

त्याच फेरीत तिरुवन्नामलैला रमण महर्षींकडे गेला. आणि तिथे पोचल्यावर भेट व्हायच्या आधीच चक्कर येऊन पडला. बाजल्यावर झोपवलं. तो दर्शनाच्या खोलीत येऊ शकत नाही म्हटल्यावर महर्षीच त्याच्याकडे आले आणि बराच वेळ गप्प शेजारी बसून राहिले. पुढे लोकांनी बोभाटा केला की साहेबाला समाधी लागली. त्याने मात्र लिहिलं की मला चक्कर याआधीही यायची.

यावरूनच 'द रेझर्स एज' ही कादंबरी (१९४४). नाव आपल्या कठोपनिषदातलं, क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया. वस्तऱ्याच्या धारेवरून चालायचं.

शेवटचा_बाक

बोलणाऱ्यांच्या देशात येऊन न बोलणारा माणूस भेटला त्याला. बरंच वाटलं असेल.

विंगेतला

@शेवटचा_बाक, बाक शेवटचा पण पहिल्या नंबरचं बोललात.

नाटकांचं संपवतो. त्याचं शेवटचं नाटक 'शेपी', १९३३, दिग्दर्शन जॉन गिलगुड, मुख्य काम राल्फ रिचर्डसन. शेपी नावाच्या एका न्हाव्याला आयरिश लॉटरीत साडेआठ हजार पाउंड लागतात आणि तो ते गरिबांत वाटायचं म्हणतो, बायबलमध्ये लिहिलंय तसं. घरचे हादरतात, मुलगी आणि होणारा जावई तर त्याला वेडा ठरवायच्या मागे लागतात. डॉक्टर आणून तपासणीही होते! शेवटी मृत्यू बाईच्या रूपात स्टेजवर येतो. शेपी म्हणतो, डॉक्टर म्हणत होते तसा गावी, शेपी बेटावर गेलो असतो तर तुम्ही तिथे शोधायला आला नसतात. त्याला उत्तर म्हणून ती गोष्ट सांगते. बगदादच्या बाजारात एका नोकराला मृत्यू भेटतो, नोकर घाबरतो, मालकाचा घोडा घेऊन समाराला पळतो. मालक मृत्यूला जाब विचारतो, माझ्या नोकराला का धमकावलंस? मृत्यू म्हणतो, धमकावलं नाही, मी दचकले. हा इथे बगदादमध्ये कसा, माझी याची भेट तर आज रात्री समाराला ठरलीये.

गोष्ट मॉमची नाही, फार जुनी आहे. फारसी कवी रूमीकडे हाच माणूस थेट हिंदुस्तानात पळून येतो. आपल्याकडे यमराज, गरुड आणि चिमणी असं फिरतं. पण इंग्रजीत ती ज्या घट्ट रूपात सगळ्यांना माहीत झाली ते रूप याचं.

नाटक बेताचं चाललं. तोवर लोकांना कळेना हसायचं का घाबरायचं. वय ५९, पैसा भरपूर, दक्षिण फ्रान्समध्ये कॅप फेराला समुद्राकाठी 'व्हिला मोरेस्क' नावाचं घर, बागेत माळी, स्वयंपाकघरात आचारी. त्याने आधीच ठरवल्याप्रमाणे नाटक सोडलं ते सोडलंच, मग ३२ वर्षं जगला तरी एक नाटक लिहिलं नाही. नाटकवाल्या माणसाला हे किती अवघड असतं ते मला विचारा, मी मेकअपची पेटी अजून दिली नाहीये कोणाला.

मुक्काम_लीड्स

त्या व्हिलात लिहायच्या खोलीतून समुद्र दिसायचा ती खिडकी त्याने बुजवून टाकली होती, लक्ष जातं म्हणून. आणि दुसरीकडे गोगँ या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेलं काचेचं दार बसवलेलं, ताहितीत एका झोपडीवजा घरातून २०० फ्रँकला उचलून आणलेलं. पोरांनी त्यावरचा रंग खरवडला होता. गोगँच्या आयुष्यावर बेतलेल्या 'मून अँड सिक्सपेन्स' कादंबरीसाठी माहिती गोळा करायला गेला होता तेव्हाची कमाई.

ताकातली_पळी

शेवट मात्र वाईट झाला. ते पण लिहा, फक्त गोड नको.

निवांत_रविवार

झाला. १९६२ ला आठवणी छापल्या, त्यात मेलेल्या सिरीची नालस्ती. चित्रं लिलावात काढली, काही मुलीच्या नावावरची होती, मुलगी कोर्टात गेली. याने सेक्रेटरीला दत्तक घ्यायचा घाट घातला आणि मुलगी माझी नाहीच म्हणाला. कोर्टात हरला. जुन्या मित्रांनी तोंड फिरवलं. १९६५ च्या डिसेंबरात गेला. रक्षा कँटरबरीला, ज्या शाळेत टिंगल झाली त्याच शाळेत, त्याच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या लायब्ररीच्या भिंतीशी टाकली.

डॉ_पोळीभाजी

म्हातारपणी पलंगाशेजारी आईचा फोटो असायचा म्हणे. अंध लोकांसाठी 'बाँडेज'चं वाचन रेकॉर्ड करायला बसला तेव्हा आईच्या मृत्यूपाशीच आवाज गेला आणि पुढे वाचता येईना.

शेवटचा_बाक

🙏

नवख्याने सुरुवात कुठून करावी? ठोकळा नको.

विंगेतला

'रेन', मग 'केक्स अँड एल', मग 'कॉन्स्टंट वाइफ' मोठ्याने, घरात दोघं असाल तर वाटून घेऊन. ठोकळा नंतर आपोआप हातात येतो.

अपडेट: काकांना काल 'द लंचन'चा सारांश पाठवला. पॅरिसमधला गरीब लेखक, उरलेला महिना काढायला खिशात ८० फ्रँक, आणि मी दुपारी एकच पदार्थ खाते म्हणत सामन, कॅव्हिअर, शँपेन, शतावरीचे कोंब, आइस्क्रीम, पीच सगळं हाणणारी बाई, आणि वीस वर्षांनी त्याचा सूड काय तर तिचं वजन एकवीस स्टोन. काकांचा रिप्लाय आत्ता आला: "छान. स्टोन म्हणजे किती किलो?"

डॉ_पोळीभाजी

१३३. शुगर पण तपासून घ्या म्हणावं.